शुभेच्छुक

उदयसिंहाने दोरीचा फास दातांनी आवळला, शिडीवरच अर्धा वळला आणि खाली उभ्या असलेल्या बहिणीला गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आक्का, सरळ बसलाय का बघ!"

संयोगिताने मान मागे टाकून पाहिलं. घराच्या कोपऱ्यावरच्या दोन खांबांमध्ये तिचाच चेहरा फडफडत होता. फोटो पहिल्या नेमणुकीच्या वेळचा. त्यामुळे महिनाअखेरीस निवृत्त होणारी सीबीआयची अतिरिक्त संचालक फ्लेक्सवर पंचविशीची दिसत होती. पाठीमागे संसद भवन, त्याच्या पाठीमागे पन्हाळा, आणि दोहोंच्या मधून झेप घेणारा वाघ. खाली भल्याथोरल्या अक्षरांत 'कोडोलीची वाघीण'. वाघीण आहे तर वाघ कशाला, असं विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण शिडीवरच्या माणसाचा चेहरा पाहून तिने ते गिळलं.

साऱ्या नोकरीत तिने एकही सत्कार घेतला नव्हता. बदलीच्या गावी कुणी शाल-नारळ घेऊन आलं, तर नारळ फोडून सगळ्यांना खोबरं वाटायची आणि शाल परत करायची. धाकट्या भावानेही तिच्याकडे कधी काही मागितलं नाही. 'तुझ्या बहिणीला एक फोन लाव की' म्हणून माणसांनी त्याचा उंबरा झिजवला. त्याने कुणाला दाद दिली नाही. त्यापायी काही घरांशी त्याचं बोलणं तुटलं, तेही त्याने मुकाट सोसलं. यंदाच्या दिवाळीत मात्र तो फोनवर म्हणाला होता, "आता रिटायरच हुतीस न्हवं? मग एकदा गावाला तुझ्या डोक्यावर फेटा बघू दे. एवढं एकच मागतो." ती हो म्हणाली होती. हो म्हणताना तिला आनंद झाला होता, हेही खरं.

"सरळ हाय की वाकडा? बोल की!"

"थांब, बघतो की."

दिल्लीत इतकी वर्षं काढली, तरी कोडोलीच्या वेशीत शिरलं की तिची जीभ आपोआप वळायची आणि इथल्या बायकांसारखी ती 'बघते'ऐवजी 'बघतो' म्हणायची.

फ्लेक्सचा खालचा निम्मा भाग शुभेच्छुकांनी भरला होता. सरपंच आणि माजी सरपंच मोठ्या चौकटींत, दोघांच्या चौकटी अगदी सारख्या मापाच्या. त्याखाली ओळीने गाव. ओळखीतलं एकही तोंड सुटलं नसावं.

"कुणाला म्हून सोडलं न्हाय," उदयसिंह वरून सांगत होता. "फ्लेक्सवर फोटो ऱ्हायला की मानूस मरस्तवर धरून ठेवतंय. जे लाजत्यात, त्येंचं माझ्या मोबाईलमधलं काढून टाकलं. त्यो बघ, तिसऱ्या वळीत, कडंला. आमचा राजाभाऊ. फोटो म्हटलं की पळतोय गडी. आमची लेक वर्षाराणी, तिच्या लग्नाला तुला रजा गावली न्हाय न्हवं, तवा बी पंगतीत वाढत बसला, स्टेजवर आलाच न्हाय. मी गुपचूप काढला, गोठ्यात धार काढताना. बाजूनं आलाय, पर झकास आलाय का न्हाय?"

संयोगिताने तिसऱ्या ओळीत पाहिलं. दाढी, भरलेले गाल, म्हशीच्या पोटाला लागलेलं कपाळ. आणि डावा कान.

कोल्हापुरात मोडक्या कानाची माणसं गल्लोगल्ली सापडतात. तालमीत घासून घासून कानाची गाठ होते, आणि ती गाठ माणूस जन्मभर मिरवतो. पण या गाठीला वरच्या अंगाला एक खाच होती, नखाने कणीक तोडावी तशी. ती खाच संयोगिताने आधी मुंबईच्या कचेरीत पाहिली होती, मग दिल्लीच्या. टेबलासमोरच्या फळ्यावर एका फरारी आरोपीचा फोटो इतकी वर्षं टाचलेला होता, की डोळे मिटून तिने तो कान काढून दाखवला असता.

"डावीकडनं हातभर खाली घे," ती म्हणाली. "वाकडा वाटतोय."

उदयसिंहाने दोरी सैल केली. फ्लेक्सचा डावा कोपरा खाली आला आणि तिसरी ओळ तिच्या डोळ्यांसमोर आली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"आन आता?"

"आता बरोबर हाय," ती म्हणाली.

त्या माणसाचं खरं नाव सम्राट. भरतीची तयारी करून घेणारी अकॅडमी त्याने स्वतःच्या नावाने काढली होती. ज्यांच्या घरची ऐपत होती त्या पोरांना तो परीक्षेआधी प्रश्नपत्रिका दाखवायचा. बाकीची पोरं पहाटे उठून मैदानावर पळत होती, ती पळतच राहिली. संयोगिता तेव्हा मुंबईच्या शाखेत होती. त्या साखळीतले बाकी सगळे तिने धरले आणि शिक्षेपर्यंत नेले. सम्राट तेवढा छाप्याआधी निसटला. ती मुंबईहून दिल्लीला गेली, बढत्या मिळाल्या, मोठमोठ्या माणसांना तिने समोर बसवून प्रश्न विचारले. पण दर दसऱ्याला इचलकरंजीहून पिराजी नावाच्या एका माग कामगाराचा फोन यायचा. त्याचा मुलगा त्या भरतीत मैदानावर सगळ्यांच्या पुढे होता आणि लेखी परीक्षेत मागे पडला होता. "बाई, गावला का त्यो?" पिराजी विचारायचा. "अजून नाही," ती म्हणायची. हे दोन शब्द उच्चारताना तिला दर वर्षी लाज वाटायची.

आता सम्राटाचा राजाभाऊ झाला होता. एवढीच काय ती त्याला शिक्षा, असं मनाशी म्हणत ती माडीवर गेली आणि मुंबईला फोन लावला. तिथला अधीक्षक विश्वजित तिच्याच हाताखाली शिकलेला होता.

"विश्वजित, सम्राट अकॅडमीची फाईल कुणाकडे आहे?"

"माझ्याकडेच, मॅडम."

"माणसं घेऊन निघा. गाड्या साध्या आणा. कोल्हापुरात थांबा आणि मी सांगेपर्यंत कोडोलीत कुणी पाऊल टाकू नका."

"मॅडम, ओळख पक्की आहे?"

"संध्याकाळी होईल. तो माझ्या सत्काराला येणार आहे."

तिने फोन ठेवला. असे फोन तिने आयुष्यभर केले होते आणि कधी मागे घेतले नव्हते. धरायचं की नाही हा प्रश्न तिच्यापुढे नव्हताच.

प्रश्न दुपारच्या जेवणात समोर आला. भावजयीने तांबड्या रश्शाची वाटी पुढे सरकवली आणि उदयसिंह राजाभाऊचं पुराण सांगायला बसला. पुराच्या साली वारणेचं पाणी मळ्यातल्या गोठ्यात शिरलं, तेव्हा हा गडी छातीभर पाण्यात उतरला आणि एकेक जनावर सोडवून आणलं. मग दोघांनी मिळून दुधाची गाडी घेतली. रोज सकाळी राजाभाऊ ती मलकापूरकडे नेतो. कुठल्या गावचा, कुणाचा, हे उदयसिंहाने कधी विचारलं नव्हतं.

"इचारायचं काय त्यात? सख्खा भाऊ असता तर एवढं केलं नसतं," तो म्हणाला. "पर तू आलीस की ह्येचं कायतरी काम निगतंयच. दर वेळी गावाला गेलेला असतोय. औंदा म्हटलं, जाशील तर माझ्या दारात परत येऊ नगंस. आक्काला फेटा तूच बांधायचास."

संयोगिताचा घास हातात राहिला.

ती आपल्या भावाला लहानपणापासून ओळखत होती. शाळेत असताना उदयसिंहाचा एक दोस्त गुरुजींच्या भीतीने उसात लपला होता. तो कुठे आहे, हे उदयसिंह भोळेपणाने बोलून गेला आणि दोस्ताने मार खाल्ला. दोस्त दुसऱ्या दिवशी विसरला. उदयसिंह मात्र कित्येक दिवस त्याच्या घरासमोरून जाताना मान खाली घालून जायचा. अजूनही ती गोष्ट निघाली की उठून बाहेर जातो. आता ज्याला तो सख्ख्या भावाच्या जागी मानत होता, त्याचा फोटो त्याने स्वतःच गुपचूप काढला, स्वतःच छापून घेतला आणि स्वतःच्या हाताने खांबाला बांधला. माणूस उद्या तुरुंगात जाईल, ते दुःख उदयसिंह सोसेल. पण आपल्याच हातून तो गेला हे कळलं, तर तो उरलेलं आयुष्य मान खाली घालून काढेल.

"रस्सा तिखट झालाय काय ओ आक्का?" भावजयीने विचारलं.

"न्हाय. फक्कड झालाय," संयोगिता म्हणाली आणि तिने वाटी रिकामी केली.

सत्कार ग्रामपंचायतीसमोरच्या चौकात होता. हलगी कडाडत होती, स्टेजवरचा झाडून प्रत्येक पुरुष फेट्यात होता. सरपंचांचं भाषण झालं, माजी सरपंचांचं त्याहून मोठं झालं. मग उदयसिंह खाली उतरला, दुधाच्या गाडीच्या आडोशाला उभ्या असलेल्या माणसाच्या दंडाला धरून त्याला ओढतच वर घेऊन आला.

"ह्यो राजाभाऊ! ह्येच्यासारखा फेटा तालुक्यात कोन बांधत न्हाय!"

राजाभाऊने स्वतःचा फेटा कपाळापासून कानांच्या खालपर्यंत ओढून घेतला होता. नमस्कार करून तो संयोगिताच्या पाठीमागे गेला आणि कापडाचं टोक तिच्या कपाळावर धरलं. हात मोठे, पण हलके. हलगीच्या आवाजात शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली,

"पावणं, कुठल्या तालमीचं?"

कापड कपाळावर थांबलं. मग पुन्हा फिरू लागलं.

"तालीम कसली ओ, आक्कासाहेब. आमी कधी लंगोट लावला न्हाय. दूधवाली मानसं आमी."

संयोगिताला हसू आलं. कोल्हापूर जिल्ह्यात कान मोडलेला माणूस, आणि कुस्ती कधी खेळलोच नाही म्हणतो! इथे न खेळलेलाही वस्तादाचं नाव सांगून दोन-चार डाव ऐकवतो. खेळलेल्याला गप्प बसवायला तर पोलीसच बोलवावे लागतात. तिला आता कान बघायची गरज नव्हती. तरी शेवटचा पदर खोचायला तो पुढे वाकला, घामाने त्याचा स्वतःचा फेटा वर सरकला, आणि ती खाच तिला अगदी जवळून दिसली.

"छान बांधला," ती म्हणाली. "घट्ट झालाय."

तो जरा सैलावल्यासारखा दिसला, हसला आणि गर्दीत मिसळून गेला. तिने त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

भाषणाला उभी राहिल्यावर ती स्वतःविषयी जवळजवळ काहीच बोलली नाही. "माझ्या नावावर माझ्या भावानं आजवर कुणाचं एक काम केलं न्हाय आन करून बी घेतलं न्हाय," ती म्हणाली. "त्यापायी तुमच्यातली काही मानसं त्याच्याशी बोलत न्हाईत. मी जे काय झालो, त्यात ह्येचा वाटा हाय. उद्या कोन काय बी बोललं, तरी एवढं ध्यानात ठेवा." उद्याचं का काढलं, ते कुणाला कळलं नाही. टाळ्या पडल्या. उदयसिंह फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसत होता आणि लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते.

खाली उतरून तिने विश्वजितला फोन केला. "पक्की. नजर ठेवा, पण हात सकाळी लावा, मलकापूरच्या रस्त्यावर. घरात नाही आणि गावात नाही."

सकाळी ती अंगणात चहा घेत होती, तेव्हा विश्वजितचा फोन आला.

"घेतला, मॅडम. गाडीत एकटाच होता. नाव विचारलं तर एकदा खोटं सांगितलं, दुसऱ्यांदा खरं. म्हणाला, तुम्ही तालीम विचारलीत, तेव्हाच कळलं होतं."

"मग रात्रीत पळाला का नाही?"

"ते मीही विचारलं. म्हणाला, सकाळचं दूध कोण नेणार?"

संयोगिताने कप खाली ठेवला.

"दूध केंद्रावर पोचवा," ती म्हणाली. "लोकांचं आहे ते. नासू देऊ नका."

"होय मॅडम. आणि ओळख कशी पटली, काय लिहू?"

"जाहीर कार्यक्रमात मी त्याला समोरासमोर ओळखलं, असं लिहा. तसंच घडलं."

मग तिने इचलकरंजीला फोन लावला. पलीकडे मागांचा खडखडाट होता. या वेळी पिराजीने काही विचारायच्या आत तीच म्हणाली,

"पिराजी, सापडला तो."

"काय म्हनतासा? मोठ्यानं बोला, बाई!"

"सापडला! सम्राट सापडला!"

पिराजी कुणावर तरी ओरडला, "आरं, माग बंद कर! बंद कर म्हनतो न्हवं! बाईंचा फोन हाय, गावला त्यो!" एकेक करत माग थांबल्यासारखे वाटले. आणि मग पिराजीचा मुलगा फोनवर आला आणि त्याने ते नाव तिला पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा सांगितलं. या एका फोनसाठी आपण इतकी वर्षं थांबलो होतो, असं तिला वाटलं, आणि ती मनापासून सुखावली.

तेवढ्यात उदयसिंह फाटकातून आत आला. पायांत चपला नव्हत्या. बातमी कळली होती.

"आक्का, राजाभाऊला धरला. मलकापूरच्या वाटंवर. तुझीच मानसं म्हनं."

"व्हय."

तिने सगळं सांगितलं. अकॅडमी, प्रश्नपत्रिका, पळणारी पोरं, पिराजी. उदयसिंह ओसरीच्या पायरीवर बसून ऐकत होता. मध्येच एकदा म्हणाला, "आमच्या राजाभाऊनं?"

"तुलाबी बोलावतील," ती म्हणाली. "जे ठावं हाय ते सांग. एक अक्षर लपवू नगंस. तुझं काय वाकडं हुनार न्हाय."

"माझं सोड." त्याने मान वर केली. "तू वळखलंस कसं? तू तर त्येला कालच्या आदी कधी बघितलाच न्हवता."

फाटकाबाहेर फ्लेक्स वाऱ्याने फुगत होता. अंगणातून तिसरी ओळ स्पष्ट दिसत होती. संयोगिताने तिकडे पाहिलं नाही. तिने रिकामा कप उचलला आणि पुन्हा ठेवला.

"दिल्लीतच कळलं होतं," ती म्हणाली. "इथे येण्याच्या आधीच."

"आदीच?"

"होय."

"म्हंजे सत्काराला व्हय म्हनलीस, ती त्येच्यासाठी."

आयुष्यभर तिने खोटं बोलणारी माणसं समोर बसवली होती. कुठे थांबायचं हे त्यांना कळत नाही, म्हणून ती सापडतात, हे तिला ठाऊक होतं.

"होय," ती म्हणाली आणि थांबली.

उदयसिंह उठला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"जल्मात एकच मागितलं हुतं तुला."

तो कोपऱ्यातली शिडी उचलून बाहेर गेला. संयोगिताची गाडी दारात लागली होती, ड्रायव्हरने बॅग आत ठेवली होती. भावजय दारातून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. उदयसिंहाने शिडी खांबाला लावली, विळ्याने दोऱ्या कापल्या. वाघ, संसद, पन्हाळा आणि सगळं गाव घडी होऊन रस्त्यावर पडलं. तो ती गुंडाळी फरफटत घरामागच्या परड्याकडे नेऊ लागला.

"कुठं टाकतोस?" तिने विचारलं.

"वैरनीवर. झाकायला हुईल."

"छापलेली बाजू खाली टाक."

तो थांबला. मागे न बघताच म्हणाला, "का? लाज वाटती व्हय आता?"

"व्हय," संयोगिता म्हणाली.

त्याने फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर उलटा पसरला. पांढरी पाठ वर आली. वाऱ्याने एक कोपरा उचलला जात होता. तिथे त्याने दगड ठेवला, मग दुसऱ्या कोपऱ्यावर, मग उरलेल्या दोन्हींवर. ड्रायव्हर गाडी चालू करून वाट पाहत होता. शेवटचा दगड नीट बसेपर्यंत संयोगिता परड्याच्या तोंडाशी उभी राहिली, आणि मग गाडीत जाऊन बसली.